पाळीआधीचे दिवस की बायपोलर? आधी तारखा बघा

पुण्यात 'मूड फार बदलतो' ही बाईची तक्रार साधारण दोनपैकी एका दाराशी जाते. एक स्त्रीरोगतज्ज्ञांचं, दुसरं मानसोपचारतज्ज्ञांचं. पहिल्या ठिकाणी पाळीच्या तारखा, अंगावरून किती जातं, पोटात दुखतं का, सगळं विचारून होतं, सोनोग्राफीही होते. पण 'तीन-चार तासच झोपूनही चार-पाच दिवस भलत्या उत्साहात गेलेत, असं कधी झालंय का?' हा प्रश्न राहून जातो. दुसऱ्या ठिकाणी झोप, भूक, विचार, घराण्यात कोणाला काही होतं का, याची बारकाईने चौकशी होते आणि शेवटची पाळी कधी आली, एवढंच विचारायचं राहतं. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण बऱ्याचदा होतं. आणि ज्या दोन आजारांबद्दल मला लिहायचंय, ते वेगळे काढायला नेमके हेच दोन प्रश्न लागतात.

त्यातला एक बायपोलर, म्हणजे ज्यात मनाच्या चढाचे आणि उताराचे लांब टप्पे येतात तो आजार. दुसरा म्हणजे पाळीच्या आधी मनाची होणारी तीव्र पडझड, जिला डॉक्टर पीएमडीडी म्हणतात. दोन्हींत चिडचिड, रडू, निराशा, झोपेचा घोळ, घरात भांडणं. लक्षणांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर बराच भाग सारखाच निघतो. त्यामुळे त्रास किती जोराचा आहे यावरून निवाडा करायला गेलं की फसायला होतं. निवाडा होतो तारखांवरून: कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, कधी पूर्ण गेलं.

पाळीच्या आधी नेमकं काय होतं

अंगावरून जायला लागलं तो चक्राचा पहिला दिवस. सरासरी चक्र २८ दिवसांचं धरतात, पण २१ ते ३५ दिवसांच्या मधलं काहीही चालतं. मध्यावर कधीतरी बीजांड बाहेर पडतं आणि तिथून पुढचे साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे असतात. ते आधी चढतं, गर्भ राहिला नाही तर उतरतं, आणि पाळी येते. चक्र लांबतं किंवा आखडतं ते बहुतेक वेळा पहिल्या भागात, दुसरा भाग त्यामानाने ठरलेला. म्हणून पीएमडीडीचा हिशोब पाळी आल्यावर मागे मोजून करतात.

पाळीच्या आधी अंग जड वाटणं, छाती दुखणं, गोड खावंसं वाटणं, एरवी ज्याचं काही वाटत नाही अशा नवऱ्याच्या घोरण्याचा राग येणं हे कित्येकींना होतं. याला आजार म्हणायचं कारण नाही. पीएमडीडी म्हणायचं तर वर्षातल्या बहुतेक चक्रांत, पाळीच्या आधीच्या आठवड्यात, किमान पाच लक्षणं दिसायला हवीत. त्यांतलं एक तरी मनाचं हवं: क्षणात रडू येईल इतकी हळवी अवस्था, टोकाचा राग, खोल निराशा किंवा जिवाची तगमग. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत हे ओसरायला लागतं आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळपास काहीच उरत नाही. शिवाय त्याने कामात, घरात, नात्यांत खरोखर खोडा घातलेला असायला हवा. पाळी येणाऱ्या १०० बायकांमागे साधारण दोन ते सहा जणींना हा आजार असतो.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम नावाची निदानपुस्तिका आहे. १९९४ च्या आवृत्तीत पीएमडीडी परिशिष्टात होता, 'आणखी अभ्यास हवा' या गटात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये तो मुख्य पुस्तकात आला, नैराश्याच्या प्रकरणात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, त्याची नोंद स्त्रीरोगांच्या भागात आहे आणि नैराश्याच्या भागातही त्याचा उल्लेख आहे. म्हणजे दोन दारांचा घोळ पुस्तकांनाही चुकलेला नाही. ज्या डॉक्टरांचं शिक्षण २०१३ च्या आधी झालं, त्यांना हा आजार पटकन सुचत नसेल, तर त्यात फारसं नवल नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ती गोष्ट. 'हार्मोन्स तपासून घेऊ' म्हणून बाई लॅबमध्ये जाते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि घरी सगळ्यांचा निकाल लागतो: हिला काही झालेलं नाही, हिचा स्वभावच असा. पण पीएमडीडीत हार्मोन्सची पातळी नॉर्मलच असते. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांची बीजकोशांची क्रिया औषधाने काही काळ थांबवली. बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांना नेहमीच्या प्रमाणातच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन परत दिलं, आणि त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता अशा बायकांना तेच औषध, तीच हार्मोन्स दिली, तर त्यांना काहीच झालं नाही. फोडणीचा खकाणा घरभर सारखाच उठतो, ठसका एखादीलाच लागतो, तसं हे आहे. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य तयार होतं. ते एरवी मेंदू शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. काही जणींच्या मेंदूला त्याचा चढउतार मानवत नाही, असं आज मानलं जातं. लॅबच्या रिपोर्टात हा फरक दिसत नाही.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावं. दोन्ही बिघडले की थकवा, चिडचिड, उदासी येते आणि दोन्हींवर उपाय आहे.

बायपोलरचा काळ वेगळ्या मापाने चालतो

बायपोलर म्हणजे सकाळी हसणं आणि दुपारी रडणं, असा समज इतका पसरलाय की ऑफिसमध्ये कोणी दोनदा मत बदललं की 'आज हिचं बायपोलर चालू आहे' म्हणतात. खऱ्या आजारात चढाचे आणि उताराचे टप्पे असतात आणि ते दिवसांत, आठवड्यांत, महिन्यांत मोजले जातात. मोठ्या चढाला मेनिया म्हणतात. तो किमान आठवडाभर टिकतो, किंवा इतका तीव्र असतो की त्याआधीच दवाखान्यात भरती करावं लागतं. सौम्य चढाला हायपोमेनिया म्हणतात आणि तो सलग चार दिवस तरी असावा लागतो. उताराचं, म्हणजे नैराश्याचं, माप किमान दोन आठवड्यांचं.

चढ म्हणजे आनंदच असं नाही. मन फुलून आलेलं असेल किंवा नुसतीच आग-आग, चिडकेपणा असेल, दोन्ही चालतं. गफलत होते ती इथे, कारण चिडकेपणा पीएमडीडीतही आहे. चढ ओळखायचा तो अंगातल्या शक्तीवरून. झोपेची गरजच कमी होते, बोलण्याचा वेग वाढतो, डोक्यात कल्पनांची रीघ लागते, हातात एकाच वेळी पाच कामं असतात, पैसा सैल सुटतो, आपल्याला काहीही जमेल असं वाटायला लागतं. पीएमडीडीतली बाई रात्री दोनला जागी असते, सकाळी गळून गेलेली असते आणि 'झोप नाही झाली' म्हणते. चढातली बाई रात्री दोनला जागी असते, पाचला उठून माळा आवरायला घेते आणि 'मला झोपेची गरजच वाटत नाही आजकाल, किती वेळ वाचतो!' म्हणते.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे साधारण ०.५ टक्के प्रौढांना आयुष्यात कधीतरी बायपोलर होतो. सुरुवात बहुधा विशीच्या आसपास. बायकांमध्ये पहिलं पाऊल बऱ्याचदा नैराश्याचं असतं, म्हणून वर्षानुवर्षं निदान 'डिप्रेशन' असंच राहतं. हायपोमेनियाची तक्रार घेऊन कोणी येत नाही. का येईल? घर चकाचक असतं, अप्रेझल चांगलं झालेलं असतं, आई शेजारणीला सांगत असते, 'देवाच्या कृपेने पोरगी सावरली हो.'

दोन बायका समोर ठेवतो. दोघीही मी रचलेल्या आहेत.

सविता कोथरूडला राहते, ३४ वर्षांची, शाळेत शिकवते. महिन्याचे तीन आठवडे तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मग एका सोमवारी सकाळी डब्याच्या पोळ्या लाटताना मुलगी म्हणते, 'आई, माझी वॉटरबॅग सापडत नाहीये,' आणि सविता लाटणं आपटून ओक्साबोक्शी रडायला लागते. मंगळवारी सासूबाईंशी कडाक्याचं वाजतं. बुधवारी शाळेत रजा. त्या रात्री 'मी नसले तर यांचं सगळं सुरळीत होईल' हा विचार येऊन जातो. शुक्रवारी पाळी येते. रविवारी नवरा भीतभीत विचारतो, 'अगं, त्या दिवशी तुला झालं होतं तरी काय?' आणि खरं सांगायचं तर तिलाही उत्तर माहीत नसतं. पुढच्या महिन्यात हेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

मेघना २७ वर्षांची, हिंजवडीत नोकरी. एप्रिलमध्ये नऊ दिवस ती रात्री तीन-चार तास झोपली. तीन ऑनलाइन कोर्सेसची फी भरली, क्रेडिट कार्डावर कॅमेरा घेतला, मैत्रिणींबरोबर धंदा काढायचा म्हणून जागा बघून आली. आई काळजीत पडली तर 'आई, तू टेन्शन नको घेऊस गं, मी सगळं प्लॅन केलंय,' आणि पुढे वीस मिनिटं तो प्लॅन. मग जून ते ऑगस्ट अंथरुणातून उठवेना. या पाच महिन्यांत तिच्या पाळ्या येत-जात राहिल्या. ना एप्रिलचा चढ पाळी आली म्हणून थांबला, ना जुलैचा उतार पाळी झाली म्हणून हलका झाला.

मला विचाराल तर सविताची कथा ऐकताना 'ती किती रडली' यापेक्षा 'रविवारी ती कशी होती' हे महत्त्वाचं. पाळी झाल्यानंतरचा आठवडा खरोखर स्वच्छ जातो का? दर महिन्याला जातो का? उत्तर 'हो' आलं तर पीएमडीडीकडे बोट जातं. 'त्या आठवड्यातही तसंच असतं, फक्त पाळीच्या आधी जास्त' असं आलं, तर खाली वेगळंच काहीतरी मुरलेलं आहे.

इथे एक चकवा आहे. पाळी आल्यावर सविताला इतकं हलकं वाटतं की ती आठवड्याचं साचलेलं सगळं काम दोन दिवसांत उपसते, पडदे धुते, मैत्रिणींना फोन करते. डॉक्टरांसमोर 'कधी खूप उत्साह असतो का?' या प्रश्नाला ती 'हो, असतो ना' म्हणते, आणि कागदावर दर महिन्याला एक उतार आणि एक चढ उमटतो. बायपोलरमध्ये वर्षात चार किंवा जास्त टप्पे आले तर त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात. सविताचे तर वर्षाला चोवीस झाले! पण तो चढ नव्हेच, ती आपल्या मूळ पदावर आलेली आहे. तिची झोप सात तासांची आहे, पैसे नेहमीसारखेच खर्च होतायत आणि घरचे म्हणतायत 'आता कशी आपली सविता दिसतेस.' मेघनाच्या एप्रिलमध्ये घरच्यांना उलट वाटलं होतं: ही आपली नेहमीची मेघना नाही.

आणखी काही खुणा मागे वळून बघताना सापडतात. गरोदरपणात पाळीचं चक्रच थांबलेलं असतं, तेव्हा पीएमडीडीही थांबतो. बायपोलर थांबेलच असं नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, भलतेसलते संशय, भास असं काही झालं असेल, तर बायपोलरची शक्यता फार गांभीर्याने घ्यावी लागते. आपल्याकडे घरोघरी अशी एखादी मावशी-आत्या निघते, जिच्याबद्दल 'बाळंतपणात तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता' एवढंच कुजबुजत सांगितलं जातं. डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगावं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला बायपोलर असेल तर तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्क्यांवर जाते.

तिसरी शक्यता, जी बहुतेकदा विसरली जाते

'हा की तो' असं विचारण्यात एक अडचण आहे. बायपोलर असलेल्या बऱ्याच बायकांची लक्षणं पाळीच्या आधी जास्त भडकतात. आजार बारा महिने असतो, पाळीआधी फक्त त्याचा जोर वाढतो. नैराश्य, चिंतारोग, यांचंही तसं होतं. म्हणून 'पाळीच्या आधी वाढतं' एवढ्यावर पीएमडीडी म्हणता येत नाही, आणि 'मला बायपोलर आहे' एवढ्यावर पाळीचा संबंध झटकून टाकता येत नाही. काही जणींना दोन्ही असतात, आणि बायपोलर असलेल्यांत पीएमडीडीचं प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आढळतं.

हे सगळं तोंडी आठवणीवर सुटत नाही. वाईट आठवड्यात माणसाला आयुष्यभर सगळं वाईटच होतं असं वाटतं आणि चांगल्या आठवड्यात ते इतकं काही नव्हतं असं वाटतं. 'मला पाळीआधीच त्रास होतो' असं खात्रीने सांगणाऱ्या कित्येक बायकांनी रोजची नोंद ठेवली, तेव्हा त्रास महिनाभर विखुरलेला निघाला, असा अनुभव अभ्यासांत वारंवार आलाय. म्हणून पीएमडीडीच्या पक्क्या निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजच्या रोज केलेली नोंद मागतात.

त्यासाठी ॲपच हवं असं नाही. बहुतेक मराठी स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्याच्या चौकटींत आधीच सगळा संसार लिहिलेला असतो: दूध आलं नाही, सिलिंडर लावला, मावशींचा खाडा, आणि कोपऱ्यात लाल पेनाचा एक ठिपका, ज्याचा अर्थ घरातल्या बाईलाच कळतो. तो ठिपका म्हणजे अर्धी नोंद झालीच. उरलेली अर्धी वहीत करा, भिंतीवर नको. घरातल्या प्रत्येकाने ती वाचायची गरज नाही. रोज रात्री झोपण्याआधी चिडचिड, उदासी आणि तगमग यांना १ ते ६ मध्ये गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचं. पुढे काल किती तास झोप झाली ते. आणि एक रकाना उत्साहाचा, त्यालाही तसेच गुण. पीएमडीडीसाठी जे छापील तक्ते वापरतात त्यांत हा उत्साहाचा रकाना सहसा नसतो, आणि बायपोलरच्या मूड चार्टमध्ये पाळीची जागा असली तरी ती कोरीच राहते. दोन्ही एकाच पानावर आलं की चित्र उमटायला लागतं.

दोन महिन्यांनी दोन आठवडे शेजारी ठेवायचे. पाळीच्या आधीचे सात दिवस, आणि पाळीच्या चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंतचे सात. पहिल्यात पाच-सहा आणि दुसऱ्यात एक-दोन, असं दोन्ही महिने आलं तर बोट पीएमडीडीकडे जातं. दोन्हींत चार-पाच असेल आणि पहिल्यात किंचित जास्त, तर आधीपासूनचा आजार पाळीआधी उसळतोय. सलग चार-पाच दिवस झोप चार तास, उत्साह सहा आणि पाळीच्या तारखेशी त्याचा काही मेळ नाही, तर बायपोलरच्या दिशेने तपासायला हवं. दोन महिने थांबवणार नाही इतका त्रास असेल तर थांबू नये. डॉक्टर तात्पुरतं निदान धरून उपचार सुरू करतात आणि नोंद सोबत चालू राहते.

नोंद बिघडवणाऱ्या गोष्टींत आपल्याकडची एक खास आहे. गौरी-गणपती, लग्नकार्य, घरची पूजा आली की पाळी पुढे ढकलायची गोळी. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं हार्मोन. मुळातच ज्यांचं मन याला हळवं आहे, अशा काहींना या गोळीवर असताना उदासी किंवा चिडचिड होऊ शकते, आणि त्या महिन्याच्या तारखा तर पुढे सरकतातच. गौराईच्या जेवणाच्या दिवशी पंचवीस पानं वाढून झाल्यावर जे रडू फुटतं त्यात दमणूक किती आणि गोळी किती, हे सांगणं अवघड. गोळी घेतली असेल तर वहीत तसं लिहायचं आणि तो महिना हिशोबात धरायचा नाही. पीसीओएस या हार्मोन्सच्या बिघाडामुळे पाळी चाळीस-पन्नास दिवसांनी येत असेल तर दोन महिने पुरत नाहीत, नोंद जास्त काळ ठेवावी लागते. ॲपमध्ये बीजांड सुटण्याची जी तारीख दिसते ती मागच्या पाळ्यांवरून बांधलेला अंदाज असतो, तो प्रमाण मानू नये.

एवढा खटाटोप कशाला? कारण गोळी

पीएमडीडीवर पहिलं औषध म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या नैराश्यविरोधी गोळ्या. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, पीएमडीडीत मात्र तो काही दिवसांतच येऊ शकतो. त्यामुळे काही जणींना त्या फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊनही चालतात. आता याच गोळ्या बायपोलर असलेल्या बाईला, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, नुसत्या दिल्या तर तिला मेनियाचा झटका येऊ शकतो. उलट बाजूने, पीएमडीडी असलेल्या बाईला बायपोलर समजून वर्षानुवर्षं लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट दिलं, तर तिला नको ते दुष्परिणाम सोसावे लागतात आणि पाळीआधीचा आठवडा होता तिथेच राहतो. तारखा बघायच्या त्या यासाठी.

लिथियम वाईट औषध आहे असं यातून कोणी वाचू नये. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मेनियावर त्याचा उपयोग दाखवला आणि आजही ते बायपोलरचं खणखणीत औषध आहे. मात्र त्याची रक्तातली पातळी ठरलेल्या मर्यादेतच राहावी लागते. आणि पाळीच्या पोटदुखीसाठी निम्म्या पुण्याच्या पर्समध्ये जी मेफ्टाल-स्पास असते, तिच्यातलं मेफेनॅमिक ॲसिड, तसंच आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी ती पातळी वाढू शकते. लिथियम चालू असेल तर पोटदुखीची गोळी डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून मूल होण्याच्या वयात ते शक्यतो टाळतात. पीएमडीडीवर ड्रॉस्पायरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळीही देतात. अमेरिकेत २००६ साली तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. पण बायपोलरसाठी लॅमोट्रिजिन चालू असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी त्याची पातळी जवळपास निम्म्यावर आणू शकते आणि सांभाळलेला मूड घसरू शकतो. एका दारी लिहून दिलेलं औषध दुसऱ्या दारी दाखवायचं ते याच कारणाने. दोन्ही आजार असतील तर साधारणपणे आधी बायपोलर स्थिर करतात, मग पाळीआधीच्या आठवड्याचं बघतात. आणि हे वाचून चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. लिथियम अचानक सोडलं की मेनिया उसळू शकतो.

गोळ्यांशिवायच्या उपायांत विचार आणि वागणं तपासणारी समुपदेशनाची पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, तिचा पीएमडीडीत उपयोग होतो. १९९८ मधल्या एका अमेरिकन चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतल्याने पाळीआधीचा नेहमीचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत कमी झाल्याचं दिसलं. सौम्य त्रासाला ते करून बघायला हरकत नाही. पीएमडीडीला तेवढ्यावर भागेल अशी आशा मी धरणार नाही.

आणि एक उपाय जो करू नये, तो महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे: पिशवी काढणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातायत हे २०१९ मध्ये इतकं गाजलं की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 'पाळीचाच त्रास ना, मग पिशवीच काढून टाका' हा सल्ला शहरातही मिळतो. पण पीएमडीडीचं मूळ बीजकोशांच्या चक्रात आणि मेंदूत आहे. गर्भाशय काढलं आणि बीजकोश ठेवले तर रक्तस्राव थांबतो, चक्र चालूच राहतं आणि मनाचा त्रासही महिन्याच्या महिन्याला येत राहू शकतो. वाईट म्हणजे आता पाळीची तारीखही कळत नाही. बीजकोश काढणं हा अगदी शेवटचा, क्वचित वापरायचा मार्ग आहे आणि तोही आधी औषधाने ते काही काळ बंद ठेवून, फरक पडतो का ते पाहिल्यावर.

घरच्यांसाठी एक सांगायचंय. 'तुझी डेट जवळ आलीय का?' हे वाक्य शांतपणी विचारलं तर मदत होते. भांडणाच्या मध्यात फेकलं तर त्याचा अर्थ 'तुझ्या बोलण्याला किंमत नाही' असा होतो, आणि ती ज्यावरून भांडत असते ते बहुतेकदा खरंही असतं. 'येरवड्याला नेऊन सोडू का?' हा पुणेरी विनोद तर घरातून हद्दपारच करावा. तो ऐकत मोठी झालेली मुलगी पुढे खरी गरज असतानाही डॉक्टरांकडे जायला कचरते. मरणाचे विचार पीएमडीडीतही येतात आणि बायपोलरमध्येही, आणि 'पाळी आली की जाईल' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं. अशा रात्री तिला एकटी सोडू नका, गोळ्यांचा डबा आपल्याकडे घ्या आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

एरवी कुठून सुरुवात करायची? ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि नंबर लावायचा. खाजगीत परवडत असेल तर तिथे जा. चढाची एकही शंका असेल तर पहिलं दार मानसोपचारतज्ज्ञांचं. तशी शंका नसेल आणि वहीत दर महिन्याला स्वच्छ आठवडा दिसत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांपासून सुरुवात केली तरी चालेल. वही न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळीसकट. शक्य असेल तर आईला किंवा बहिणीला सोबत न्या, कारण चढाच्या दिवसांत आपण कसे होतो हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त आठवतं. आणि भेटी शक्यतो दोन घ्या. पाळी झाल्यावर गेलात तर हसतमुख बसून 'तसं काही विशेष नाही हो डॉक्टर' म्हणून याल, पाळीच्या आधी गेलात तर रडून सगळं आयुष्यच वाईट असल्याचं सांगून याल. एक भेट एका आठवड्यात आणि दुसरी दुसऱ्या आठवड्यात असेल, तर डॉक्टरांना दोन्ही बायका बघायला मिळतात.